लोडरची आंघोळ

आमच्या ह्यांनी पक्की नोकरी सोडून अंबरनाथच्या एमआयडीसीत शेड भाड्यानं घेतली, तेव्हा माझ्या माहेरी सुतक आल्यासारखे चेहरे झाले होते. माझाही चेहरा काही फार वेगळा नव्हता. नव्वदीची सुरुवात होती, कारखान्यातला पगार वेळेवर होत होता, आणि हे म्हणत होते, मी जॅक दुरुस्त करणार. जॅक म्हणजे लोडरचा हात किंवा डंपरचा हौदा उचलणारा तेलाचा सिलिंडर. पण सिलिंडर म्हटलं की लोकांना गॅस आठवायचा, म्हणून सगळे जॅकच म्हणत. ह्यांच्या जुन्या फोरमननी जाताना बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत तुझी जागा भरत नाही. डोकं ठिकाणावर आलं की ये." मी त्या दिवाळीकडे डोळे लावून बसले होते.

घरी कुढत बसण्यापेक्षा मी शेडमध्ये जायला लागले. सुटे भाग डिझेलमध्ये धुणं आणि उल्हासनगरहून सील आणणं ही दोन कामं आपोआप माझ्याकडे आली. सील म्हणजे जॅकमधलं तेल बाहेर येऊ नये आणि बाहेरची घाण आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या रबराच्या कड्या. कॅम्पातल्या सिंधी दुकानदारानं पहिल्याच दिवशी विचारलं, "भाभी, ओरिजिनल देऊं, की ओरिजिनल जैसा?" मी म्हटलं, "तुमच्या स्वतःच्या गाडीला लावाल ते द्या." तेव्हापासून त्यानं मला कधी फसवलं नाही, किंवा फसवलं असेल तर मला कळलं नाही.

पावसाळ्यात शिरगावचा एक लोडर आला. मालक तरुण शेतकरी होता. गावाभोवती इमारती उठत होत्या, शेत आक्रसत चाललं होतं. त्यानं बैल विकले, मागं खोदायचा हात असलेला जुना लोडर घेतला आणि पाया खोदायची कामं धरली. आता लोडरचा हात गचके खात वर जात होता आणि जॅकच्या रॉडवरून तेल गळत होतं. ह्यांनी जॅकच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. आतलं तेल ताकासारखं पांढरं झालेलं.

"पाणी आहे," हे म्हणाले. खात्री करायची एक सोपी रीत होती. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकायचा, पाणी असेल तर तो तडतडतो. त्यासाठी ह्यांनी माझा भाकरीचा तवा मागितला. मी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी शेडसाठी वेगळा तवा आला.

थेंब चांगलाच तडतडला. पाण्यानं रॉडला गंजाचे खड्डे पडले होते आणि त्या खड्ड्यांनी सील कापून काढले होते. ह्यांनी रॉड घासून त्यावर क्रोम चढवून आणला, जॅक आतून गुळगुळीत केला, सील नवे घातले. तेल पिंपात स्थिर ठेवून तळाचं पाणी सोडून दिलं, तरी ते ढगाळच राहिलं, तेव्हा सगळं बदललं. टाकी पुसली, हात वरखाली करून नळ्यांमधलं उरलंसुरलं पाणी काढलं. नव्या तेलाचा थेंब तव्यावर गुमान पसरला. लोडर डौलात गेला.

गणपती गेले आणि लोडर परत आला. तेल पुन्हा पांढरं. मालक शेजारच्या शेडवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मिस्त्री, कारखान्यात पण असंच काम करायचात काय?" ह्यांनी खाली मान घालून सगळं पहिल्यापासून केलं. सील तपासले, त्यांना ओरखडासुद्धा नव्हता.

दसऱ्याच्या आधी मालकाचा निरोप आला. तेल तिसऱ्यांदा पांढरं झालं होतं आणि तो आता दुसरा मिस्त्री बघणार होता. ही बातमी आमच्या लायनीत कोणी पोचवली कोण जाणे, पण नवीन गिऱ्हाईक यायचं बंद झालं. संध्याकाळी हे हात पुसत म्हणाले, "फोरमनना भेटून येतो."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना, आणि रागही आला. म्हटलं, "खुशाल भेटा. पण पाणी शिरतं कुठून हे न बघता पळ काढणार असाल, तर मला चालणार नाही. उद्या आधी शिरगावला जायचं."

आम्ही पोचलो तेव्हा लोडर कामावरून नुकताच येऊन अंगणात थांबला होता. इंजिन बंद होतंय न होतंय तोच मालकाची आई बोअरची नळी घेऊन आली. हातात पेंढ्याचा बोळा. जन्मभर शेतावरून आलेले बैल धुतले, तशीच ती लोडरला धुवायला लागली. पुढून, मागून, वरून, तोंडानं "उभा र्‍हा, उभा र्‍हा" चाललेलं. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. रोज संध्याकाळी हा सोहळा असायचा, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच त्या घरात वाटत असणार.

टाकीच्या झाकणाभोवती पाण्याचं तळं साचलं. बघता बघता ते आटायला लागलं. ह्यांनी वर चढून झाकणाला कान लावला आणि मला खूण केली. मीही ऐकलं, आतून बारीक सूं सूं येत होतं. दिवसभर तापलेली टाकी गार पाण्यानं एकदम निवत होती आणि बाहेरची हवा आत ओढत होती. गरम भाताच्या डब्याचं झाकण निवल्यावर घट्ट बसतं, त्यातलाच प्रकार. फक्त इथं हवेच्या जागी पाणी आत जात होतं, कारण झाकणाखालचं रबर कधीच झिजून गेलं होतं.

मालकाला उलगडा झाला तसा तो आईवर खेकसला. "तुझ्या आंघोळींनी माझं वाटोलं केलं!"

म्हातारीच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली.

"आईंना का बोलतोस?" हे वरूनच म्हणाले. "हे झाकण मी दोनदा उघडलं, दोनदा लावलं. खाली रबर नाही हे मी बघायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

त्या माणसासमोर असं कबूल करायची काय गरज होती!

म्हातारी हळूच म्हणाली, "बैल घामानं निथलत आला तं मी कदी त्याचे आंगावर पानी नाय घातला. आदी निवू द्यायची. ह्यो धापा टाकत नाय, मना कसा कलावा?"

"आंघोळ बंद नका करू आजी," हे खाली उतरत म्हणाले. "सकाळी घाला, गार असताना. झाकणावर तेवढी धार सोडू नका."

ह्यांनी झाकणाला नवं रबर बसवलं, तेल पुन्हा बदललं. दिवाळी तोंडावर आली तरी ते सोन्यासारखं पिवळं राहिलं. पण शेडमध्ये माशा मारण्यापलीकडे काम नव्हतं. फोरमनचा निरोप आला, सोमवारी नक्की सांग. रविवारी हे अवजारं पुसून पेटीत भरत होते, जरा जास्तच नीट.

दुपारी दारात एक डंपर थांबला. चालकाशेजारून ती म्हातारी उतरली, पदर खोचून. चालवणारा तिचा भाचा, डंपर त्याचाच होता आणि जॅक गळत होता. भाचा शेडकडे साशंक नजरेनं बघत म्हणाला, "आत्ये, हाच काय तो, तीनदा काम केलेला?"

"हाच," म्हातारी म्हणाली. "चूक माजी व्हती. पन ह्यानं आपली चूक आदी सांगलीन. दे त्याला गारी."

भाचा किल्ली देऊन आत्याला घेऊन गेला.

"उद्या फोरमनना काय सांगू?" ह्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही म्हणून सांगा," मी म्हटलं. "आणि बोलत बसू नका. लवकर परत या, जॅक उघडायचाय."