क्विंटलभाऊला उलटवताना

अंगावर बसण्याआधी क्विंटलभाऊ एक प्रश्न हमखास विचारायचा, "जेवून आलास का रे?" हो म्हटलं तर जरा हळू बसायचा. बस्स, एवढीच काय ती दया! मग कापसाची गासडी छातीवर यावी तसा तो यायचा, आणि आपल्याला आई आठवायची.

जळगावात मेहरूणकडे एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा ज्युदोचा वर्ग भरायचा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जपानी मॅट कुठली हो! कापसाच्या गाद्या आणि वर ताणून बांधलेली ताडपत्री. मी वर्गातला सगळ्यात काडीपैलवान. भाऊ पाचोऱ्याकडच्या खेड्यातला, जळगावला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला. सरांनी नेमकी आमचीच जोडी लावली. का, ते देव जाणे. मी मनातल्या मनात सरांना भरपूर शिव्या घातल्या.

भाऊ खोटा कधी पडला नाही. बाकीचे धिप्पाड गडी लहानांचं मन राखायला मुद्दाम कलंडायचे. हा नाही. "मी आपणहून पडलो तर तुले काय येईल? कपाळ!" असं म्हणून आणखी दाबायचा.

शिकवायचाही वरूनच, घामाचे थेंब माझ्या डोळ्यांत पाडत. "मले उचलू नको. भरली बैलगाडी कोणी उचलतं का? माझा टेकू काढ." म्हणजे असं, की पाठीवर पडल्या पडल्या त्याची बाही घट्ट धरायची, तो हात जमिनीला टेकू द्यायचा नाही, पाय त्याच्या मांडीखाली घालायचा, आणि तो जोर लावून पुढे आला की त्याच बाजूला कलंडवायचा. बोलायला सोपं आहे! मला वर्ष लागलं. ज्या दिवशी तो पहिल्यांदा उलटला, त्या दिवशी माझ्यापेक्षा तोच जास्त नाचला आणि सगळ्या वर्गाला त्याने चहा पाजला.

एवढ्या मोठ्या माणसाच्या मनात एकच दुःख होतं. त्याचे वडील, आबा, पट्टीचे पैलवान. पोराने माती सोडून गादी धरली म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. "आबांनी एकदा पाठीवर हात ठेवावा, बाकी मले काही नको," असं भाऊ म्हणायचा.

एकदा त्याच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या दंगलीत पंचांनी आम्हाला आमचा खेळ दाखवायला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे आपणहून पाठीवर झालो, भाऊ वर आला. झालं! "चीत! चीत!" गाव उठून ओरडलं, डफ वाजायला लागला. कुस्तीचं गाव ते, पाठ लागली की खेळ संपला. त्यांचं तरी काय चुकलं? आबा फेटा घेऊन धावत आले. पोराच्या डोक्यावर ठेवला आणि पाठीवर हात ठेवला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी खालून कुजबुजलो, "भाऊ, गप राहा. मिळालं ना तुला पाहिजे ते?"

भाऊने फेटा उतरवून आबांच्या हातात दिला. "आबा, आजून सरनं नही. ह्या खेळम्हा खालना बी जितस." अजून संपलेलं नाही, या खेळात खालचाही जिंकतो, असं घरच्या अहिराणीत सांगून तो माझ्याकडे वळला, "लाग!"

मी लागलो. हातचं राखलं असतं तर त्याने मला फाडून खाल्लं असतं. दुसऱ्याच जोराला भाऊ सगळ्या गावासमोर उताणा आणि मी त्याच्या पोटावर. डफ थांबला. आबा फेटा काखेत मारून निघून गेले. परतीच्या एस.टी.त मला इतकं वाईट वाटलं, की आग लागो या ज्युदोला, असं झालं.

पुढे दोनेक महिन्यांनी वर्ग चालू असताना दारात आबा उभे! चपला बाहेर काढल्या, टोपी खिडकीत ठेवली आणि कुणाकडे न बघता सरळ ताडपत्रीवर आले. उभ्या तालुक्यात ज्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, ते आबा आपणहून उताणे झोपले.

"ये, बस वर," ते पोराला म्हणाले. "दखाड मले, खालना कसा जितस ते."

भाऊ त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याला रडूच आवरेना. आबा खालूनच खेकसले, "रडस काय? बस ना!"