कोपरापर्यंतचा मांडा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले आणि आईचा मांडा पाहून चरकले. आमच्या सोनगीरकडे पुरणाचा मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला कणकेचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. आईचा मांडा कोपरापर्यंत पसरायचा. त्या दिवशी तो मनगटाशीच फाटला. बांगड्याही सैल होऊन खालीवर घसरत होत्या.

"वय व्हई गयं तिन्हं," भाऊ म्हणाला.

मी भडकले. गेल्या आखाजीला नव्हतं झालं, ते वर्षभरात झालं? खोदून विचारलं तेव्हा कळलं, भावानं मायेपोटी तिचं एकेक काम काढून घेतलं होतं. म्हाताऱ्या आईला खाटेवर बसवून ठेवणं हा आमच्याकडे मुलाचा मोठेपणा! बसून बसून तिची भूक मेली होती. चहात भाकरी बुडवून ती दिवस काढत होती.

तिला धुळ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला आपला हात दाबायला सांगितलं, मग हात न टेकता खुर्चीतून उठायला. आईला उठता येईना. मला रडूच फुटलं.

"हे नुसतं वय नाही, ताकद झिजतेय," त्या म्हणाल्या. "अशाच बसून राहिल्या तर पडतील, अंथरूण धरतील. पण अजून वेळ गेलेली नाही."

मग जेवणात डाळ, दूध, शेंगदाणे. रोज खुर्चीतून ऊठबस. आणि तिची कामं तिला परत. भाऊ कुरकुरला, "लोके काय म्हणतीन?" म्हटलं, म्हणू देत. शाळेत उठाबशांची शिक्षा झाल्यासारखी आई खुर्चीवर बसता-उठता पुटपुटायची, "हाई काय शाया शे का?" पण एक दिवस चुकवला नाही तिनं.

यंदाच्या आखाजीला ती चुलीपाशी बसली. उंडा हातांवर फिरला, वाढला, पार कोपरापर्यंत पोचला. खापर झाकलं गेलं तसा माझा ऊर भरून आला. अशी आई माझी, हे अख्ख्या गावाला ओरडून सांगावंसं वाटलं.

तिनं दुसरा उंडा माझ्या हातात दिला. माझा मांडा मनगटाशीच फाटला.

आईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाली, "तू बी डॉक्टरले दखाडी ये."