एका माणसाचा विरोधी पक्ष

आमच्या गावात विरोधी पक्ष होता, पण तो एकाच माणसाचा होता. आमदार बदलले, सरकारं बदलली, कालचे विरोधक आज मंत्री झाले, तात्या मात्र विरोधातच राहिले. सगळं गाव त्यांना विरोधीतात्या म्हणे, तेही तोंडावर. परगावचा कुणी पाहुणा विचारायचा, "तात्या, तुम्ही नेमके कोणत्या पक्षाचे?" त्यावर ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "पक्ष कुठला आलाय, निस्ती हरकत हाय आपली."

मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि माझ्या नावाने रोजचं वर्तमानपत्र यायचं. नेकनूरहून येणारी दुपारची एसटी ते टाकून जायची. शाळा सुटली की तात्या शाळेच्या ओट्यावर हजर. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधून कानाला गुंडाळलेला. गावाकडच्या बातम्या आपल्याला माहीतच असतात म्हणून ते आधी दिल्लीचं पान उघडत आणि मग अर्धा तास पंतप्रधानांपासून रेशनच्या मंत्र्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घेत. कांद्याची निर्यात बंद केली की, "ह्यांनी कवा खुरपं धरलंय का बे?" आणि चालू केली की, "आता? आता शेतकऱ्याकडं हाय कुठं कांदा?" शेजारी बसलेली चार माणसं खूश होऊन माना डोलवायची. सरकारला शिव्या घालणारा माणूस कुणाला आवडत नाही?

पण तात्या तिथेच थांबत नसत, आणि नेमकं यावरूनच लोकांचं बिनसायचं. "आर्धी शिवी दिल्लीला द्या," ते म्हणत, "आन् आर्धी घरी ठिवा." एकदा हापसा बंद पडला आणि महिनाभर दुरुस्तीला कुणी आलं नाही. पारावर सरकारचा उद्धार चालला होता. तात्यांनी शांतपणे विचारलं, "तक्रारीचा अर्ज कुनी दिलाय?" कुणीच दिलेला नव्हता. शेवटी अर्ज त्यांनीच लिहिला, तालुक्याला नेऊन दिला, आणि परत आल्यावर कुणी आभार मानले नाहीत. उलट ज्याला त्याला वाटलं, म्हाताऱ्याने आपल्याला उघडं पाडलं.

निवडणुकीत उमेदवाराच्या जीपमध्ये ते कधी बसले नाहीत. मतदान केंद्र दुसऱ्या गावात असायचं. आम्ही जीपमधून धूळ उडवत जायचो आणि तात्या कडेने धोतराचा सोगा हातात धरून चालत असायचे. आम्ही हात करायचो, "या की तात्या, जागा हाय!" ते मान हलवून पुढे बघत. खरं सांगायचं तर तेव्हा आम्ही हसायचो.

त्यांच्या घरी कुणी जात नसे. बायको वारलेली, मुलगा पुण्याला नोकरीत, घरात ते आणि एक गाय. लोकांना त्यांचा राग नव्हता, धाकही नव्हता, फक्त त्यांच्याजवळ बसलं की आपल्या वाट्याचं काहीतरी ऐकावं लागेल याचा कंटाळा होता. लग्नकार्यात पंगतीत त्यांच्या शेजारचं पान शेवटपर्यंत रिकामं राहायचं. माझ्याकडे ते येत, कारण माझ्याकडे पेपर होता. निदान मी तरी तसं समजायचो.

त्यांचा सगळ्यात मोठा राग उसावर. "दुस्काळी जिल्ह्यात साखर कारखाने काढा म्हनून दिल्लीनं सांगितलं आसंल," ते म्हणत, "पर बेनं कुनी लावलं? आर्धं गाव दुसऱ्याचा ऊस तोडाया परमुलखात जातं, आन् उरलेलं आर्धं हितं प्यायच्या पान्यावर ऊस लावतं." माजलगावच्या धरणाखालचा ऊस त्यांना एक वेळ चालायचा. आमच्या गावाचं तळं मात्र केवढंसं! त्याच्या पाण्याची वाटणी आमची सहकारी पाणीवापर संस्था करायची. पाटाने पाणी सुटे आणि ज्याची पाळी त्याच्या शेतात जाई.

एका वर्षी पाऊस पोळ्यानंतर फिरकलाच नाही. तळं जेमतेम निम्मं भरलेलं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडून गेल्या आणि संस्थेची सभा ठरली. तात्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरी आले, तेही हातात ठरावाचा कागद घेऊन. यंदा उसाला एकही पाळी द्यायची नाही, सगळं पाणी पिण्यासाठी राखायचं, असा ठराव. आमच्या संस्थेत सूचकाच्या पाठोपाठ अनुमोदक उभा राहिला नाही तर ठराव मताला जातच नसे.

"गुर्जी, अनुमोदन तुमी द्या," ते म्हणाले. "तुमचा सोताचा दोन एकर ऊस हाय, म्हनून तुमच्या बोलन्याला वजन पडंल. टोळ्या उन्हाळ्यात माघारी येतेल. त्यांच्या लेकरांला काय पाजायचं?"

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

सभा माझ्याच शाळेत झाली. तात्यांनी ठराव वाचला. चेअरमननी विचारलं, "अनुमोदक कोन?" आदल्या दिवशीच मी उसाला फेरी मारून आलो होतो. ऊस कमरेएवढा झाला होता, हिरवागार. दोन पाळ्या मिळाल्या की तरला असता. मी समोरच्या फळ्यावरची, माझ्याच हातची, सकाळची गणितं वाचत बसलो. वर्गात कुणीतरी खोकलं. तात्या पुढच्या रांगेत उभे होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी उठलो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलोय.

"अनुमोदन न्हाई. ठराव बारगळला. फुडचा इषय घ्या," चेअरमन म्हणाले.

पाट सुटला. तात्यांचाही पाऊण एकर ऊस होता, वडिलांच्या वेळेपासून त्या तुकड्यात ऊसच घेतला जायचा. त्यांनी आपली पाळी सोडली. पाणीवाल्याला सांगितलं, माझ्या वाट्याचं पाणी तळ्यात राहू द्या. पण पाट चालू असताना एकाचं पाणी तळ्यात कसं राहणार? ते पुढच्या खातेदाराच्या शेतात गेलं. पुढचा खातेदार मी होतो. बांधाच्या त्या बाजूला त्यांचा ऊस वाळत गेला आणि या बाजूला माझ्या उसाला दोघांचं पाणी मिळालं. तात्यांना ते रोज दिसत असणार. पेपर वाचायला ते येतच राहिले, पण दिल्लीवर बोलायचं त्यांनी थांबवलं. वाचून घडी घालून ठेवत आणि जात.

उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला भेगा पडल्या. टोळ्या परतल्या तेव्हा गाव टँकरवर आलं होतं. टँकर विहिरीत रिकामा झाला की पोहऱ्यांची झुंबड उडे. महिनोन्‌महिने दुसऱ्यांचा ऊस तोडून आलेल्या बाया डोक्यावरची बोचकी न उतरवताच त्या झुंबडीत शिरल्या. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

तात्यांची गाय चारा छावणीत गेली आणि त्यांना न्यायला पुण्याहून मुलगा आला. मी एसटीच्या थांब्यावर गेलो. महिनोन्‌महिने घोकलेलं वाक्य कसंबसं बोललो, "तात्या, माझं चुकलं. मी उठायला पाहिजे होतं."

"तुमचं कावून?" ते म्हणाले. "चूक माझी हाय. पन्नास खातेदार आपले, आन् मी येकाच दारात गेलतो. बाकीच्यांकडं जायला लाज वाटली मला. वाटलं, आपल्याला बघून लोक दार लावतेत. लई जपलं सोताला, गुर्जी."

एवढं बोलून ते गाडीत चढले. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर मी ते सोसले असते आणि मोकळा झालो असतो. त्यांनी तेवढंही केलं नाही.

काही वर्षांनी पुन्हा तसाच कोरडा हंगाम आला. तात्यांचाच ठराव मी माझ्या अक्षरात लिहून काढला आणि पंधरा दिवस दारोदार हिंडलो. काहींनी चहा पाजला, काहींनी आतूनच सांगितलं, मालक घरी नाहीत. सभेत अनुमोदनाला एकाच वेळी तिघे उठले. मतं घेतली तेव्हा ठराव थोडक्या मतांनी पडला, पण पहिल्यांदाच मतं मोजावी लागली. लोक पांगले. हे सगळं कुणाला तरी सांगावं असं मला फार, फार वाटलं. घरी येऊन वहीत पुण्याचा पत्ता शोधला आणि तो सापडल्यावर आठवलं, तात्यांना वारून दीड वर्ष झालं होतं.