न बसणारी चिप

“घासून बसव की!” हे आमच्या मालकांचं ठरलेलं वाक्य. समोर काहीही मोडून पडलेलं असो, कानस धरल्यासारखा हात हवेत मागंपुढं करायचे आणि हेच म्हणायचे. उद्यमनगरातल्या त्यांच्या शेडमध्ये मी मशीनदुरुस्तीला होतो, त्यामुळे हे ऐकणं बहुतेक माझ्याच वाट्याला यायचं.

माणूस कसबी होता, हे कबूल करावंच लागेल. एकदा लेथचा गिअर तुटला आणि नवा मिळेना, तेव्हा त्यांनी तीन दिवस कानस चालवून एकेक दात स्वतः घडवला. कानस धरायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पण नवी वस्तू दिसली की ह्याच माणसाचं पार माकड व्हायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. वर्षाला दोन मोबाइल, झोप मोजणारं घड्याळ, हुकूम दिला की फिरणारा पंखा. “नवीन आलंय की!” म्हणत मनगट आमच्या नाकासमोर नाचवायचे. पंख्याला त्यांची मराठी कळायची नाही. मग त्याला शिव्या देत खुर्चीवर चढायचे आणि पातं हातानं फिरवायचे.

अशात आमचं एकुलतं एक, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन बंद पडलं. त्याच्या कार्डावरची नखाएवढी चिप जळली होती. पंपाच्या सुट्या भागांची सगळी ऑर्डर त्या मशीनवर, आणि आम्हा चौघा कामगारांची पोटंही. मालकांनी पुण्याच्या विक्रेत्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, “नव्या मोबाइल-घड्याळांनाच चिप पुरत नाहीत. सगळे कारखाने त्यातच गुंतलेत. तुमची जुनी चिप आता कोण बनवतंय?”

“एवढं मोबाइल घेतंय तरी कोण?” मालक खवळले. हातात महिन्याभरापूर्वी घेतलेला मोबाइल, मनगटावर ते घड्याळ. इतका ठार मूर्ख मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उशीच्या अभ्र्यातून सात जुने मोबाइल आणून टेबलावर ओतले. “ह्यातली कुठलीबी चिप काढ. घासून बसव की!”

“मालक, ही घासून बसत न्हाय.”

“तुला जमत न्हाय म्हण की!” त्यांनी सगळ्यात बारीक कानस उचलली. दुपारपर्यंत सातही मोबाइलची माती केली. त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. ते ऐकू येईना म्हणून मलाच करमेना.

ऑर्डर दुसरीकडं गेली आणि मशीन भंगारात. क्रेननं ते उचलून भंगारवाल्याच्या टेंपोत ठेवलं त्या दिवशी मालक रिकाम्या जागेशी जमिनीवरच बसून राहिले. मशीन दोरांनी बांधेपर्यंत तास गेला, तसं मनगटावरचं घड्याळ थरथरलं.

“लई वेळ बसलाय म्हणतंय,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “उठून चाला म्हणतंय.”

मग त्यांनी घड्याळ काढलं आणि मशीनमागोमाग टेंपोत भिरकावलं. मला भडभडून आलं. वाटलं, ह्या नादातून सुटला एकदाचा माणूस.

ती शेड आता ऑनलाइन मालाचं गोदाम आहे. मी तिथंच खोकी रचायला असतो. परवा एका खोक्यावर मालकांचं नाव दिसलं. वरच्या चिठ्ठीप्रमाणं आत घड्याळ होतं, नुकतंच बाजारात आलेलं.

मी एक सणसणीत शिवी हासडली आणि ते खोकं दबू नये म्हणून सगळ्यात वर ठेवलं.