चहा घेऊन मिळालेला होकार

विमा कंपनीसाठी म्हाताऱ्या माणसांची नावं आणि फोन नंबर गोळा करायचं काम मी दोन वर्षं केलं. नियम तोंडपाठ होते. समोरचा साठीच्या पुढचा असेल तर कागद सगळा वाचून दाखवायचा. ही सरकारी योजना नाही, हे आधी सांगायचं. फोन कोण करणार, कशासाठी करणार, तेही सांगायचं, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय नाव लिहायचं नाही. माझा एकही फॉर्म ऑफिसातून परत आला नव्हता. त्याचा मला भारी तोरा होता.

एकदा उमापूरला शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं चहा दिला, मी कागद वाचला, आजोबा म्हणाले, "हो, लिव." सही झाली. मी निघाले तर आजोबा काठी घेऊन फाट्यापर्यंत सोडायला आले, तेही भर उन्हात. मी नको नको म्हणत होते. फाट्यावर थांबून म्हणाले, "लेकी, आता पुन्ना इचार."

त्यांना कळलं नसेल म्हणून मी पुन्हा सगळं वाचलं.

"न्हाई. खोड माझं नाव."

मी तडकलेच. "मग घरात हो काहून म्हणालात?"

"घरी आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं? हातात चहा व्हता तुझ्या."

मी नाव खोडलं. पिशवीत त्या सकाळचे आणखी नऊ फॉर्म होते, नऊही चहा घेताना झालेले. परत गावात जाऊन सगळ्यांना पुन्हा विचारायला हवं, हे मला तिथंच कळलं होतं. तेवढ्यात एसटी आली आणि मी चढले. खिडकीतून मागं पाहायचीही लाज वाटली. नऊ फॉर्म ऑफिसात दिले. ते सगळे नियमात बसत होते.

पंधरा दिवसांनी त्या नऊंतल्या एका आजीचा फोन आला. ती एकटी राहायची. तिला दिलेल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता.

"लेकी, दिसभर फोन वाजतो गं. न्हाई घेतला तर त्या पोरींला वाईट वाटंल. लई गोड बोलतेत. पर तव्यावरची भाकर करपती. तू सांगून बघ की." रागावली असती तर बरं झालं असतं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "इकडं आलीस तर चहाला ये."

दुसऱ्याच दिवशी गेले. आजी दारातच होती.

"ये, आत ये."

"आजी, आधी इथं रस्त्यावरच विचारते. ते फोन यावेत असं वाटतं का तुमाला?"

तिचे डोळे भरले. "माझ्या घरचा चहा चालंना व्हय तुला?"

असं काही ती म्हणेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "दोन कप पिते. पण आधी उत्तर द्या."

खाली मान घालून, चोरी कबूल करावी तशी ती पुटपुटली, "न्हाई गं. नकोत."

नाव काढून टाका, असा अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला आणि मग आत गेले. तिनं चुलीवर चहा ठेवला. तोच खाटेवरचा फोन वाजला. तिचा नंबर एव्हाना किती जणांकडं गेला होता, मलाही माहीत नव्हतं. आजीनं हात पदराला पुसले आणि माझ्याकडं पाहिलं, घेऊ का म्हणून.