थोडे जास्त घ्या ना

मुलुंडच्या बँकेत माझ्यापुढे एक नेपाळी मोमोवाला उभा होता. बाहीवर मैदा, बोटांवर वाफेचे चटके. लेकीच्या नर्सिंगची फी आजच भरायची होती आणि बायको तिकडे नेपाळात गावच्या बँकेत फोन धरून थांबली होती. आजवर तो गावी जाणाऱ्या माणसाच्या हाती पैसे धाडायचा. तो माणूस त्यातून घसघशीत कापून घ्यायचा.

काउंटरवरच्या मॅडमनी खर्च सांगितला, तसा त्याचा चेहराच पडला.

"इतक्या कमीत पोचतील, ताई?"

"आमचं तुमच्या गावच्या बँकेशी जमलंय. म्हणून स्वस्त."

"थोडे जास्त घ्या ना. म्हणजे नीट जातील."

अख्खी रांग हसली, मी तर सर्वांत मोठ्याने. तो मात्र फोन छातीशी धरून, डोळे मिटून बाकावर बसला. माझं काम आटोपून मी बाकाजवळून निघालो, तोच त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि बसल्या जागी माझाच हात घट्ट धरला. "पोचले. सगळे पोचले."

संध्याकाळी त्याच्या गाडीवर गेलो. गरम मोमोंची प्लेट पुढे सरकवून तो पैसे घेईना.

मी म्हटलं, "थोडे घे ना रे. म्हणजे नीट पचतील."

तेव्हा कुठे तो हसला आणि चटणी जरा जास्तच वाढली.