आईनं काढलेलं माझ्या पायाचं माप

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, नौबादचं आमचं घर, आणि मी हॉलच्या भिंतीला टाच टेकवून एका कोऱ्या कागदावर उभी... हातात पेन.

का ते सांगते. वीस वर्षं झाली, मी बायकांचे ब्लाउज शिवते. कटिंगला दिवसभर उभं राहावं लागतं. दोन वर्षांपासून उजव्या पायाच्या अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलंय, संध्याकाळी सुई टोचल्यासारखी कळ येते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अरुंद चपला बंद करा, नाहीतर असं उभ्यानं काम फार दिवस जमणार नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात कलबुर्गीहून नणंदेचा फोन. मुलीचं लग्न ठरलंय, मामी म्हणून तुला पुढं उभं राहायचंय, तेव्हा हिलची नाजूक सँडल घे, ते फताडे पाय घेऊन येऊ नको... हसत म्हणाली. माझं लग्न झाल्यापासून ती हे असंच हसत म्हणते.

आहेत माझे पाय फताडे. आहेत तर आहेत! माहेरी चिंताकीच्या रानात लहानपणभर अनवाणी हिंडलेले पाय आहेत ते. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आई कानाशी पुटपुटली होती, "साडी खाली सोड, पाय झाकून बस." तेव्हापासून मी पाय झाकतेच आहे. चपलेच्या दुकानात गेलं की ठरलेलं वाक्य, "अक्का, दोन दिवस घाला, सैल होतंय." सैल काही झालं नाही. माझी बोटंच आत वळली.

यावेळी म्हटलं, बास झालं. मोबाईलवर ते बेअरफूट शूज शोधले... पातळ सपाट तळ, पुढून पसरट, बोटांना मोकळी जागा. पण ते नेहमीच्या नंबरावर घ्यायचे नाहीत, पाय मोजून घ्यायचे. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मोजायचे, अंगाचं सगळं वजन देऊन उभं राहून, आणि लांबीबरोबर रुंदीसुद्धा.

वाचायला सोपं आहे हो! पण खाली वाकलं की माझी टाच भिंतीपासून सुटायची, पेन आत सरकायचं. तीनदा मोजलं, तीन मापं आली. अर्ध्या नौबादच्या बायकांची मापं घेणारी मी, मला स्वतःचा पाय मोजता येईना.

आई गावाहून राहायला आली होती. दिवाणावर बसून ती हा सगळा खेळ बघत होती. "काय करायलीस गं मघापासनं?" मी सगळं समजावून सांगितलं. तर म्हणते, "अनवाणी चालल्यावानी चालायचंय तर बूट कामून लागतंय?" मी परत वाकले, टाच परत सुटली. मग म्हणाली, "धाट मोड की एक. तुझे अप्पा तसंच न्यायचे."

आमच्या घरच्या बायका चपलेच्या दुकानात कधी जातच नसत. अप्पा औरादच्या बाजाराला निघाले की ज्वारीचं वाळलेलं धाट आमच्या पायाएवढं मोडून खिशात टाकायचे. प्रत्येकीच्या धाटाला वेगळ्या रंगाचा दोरा. दुकानात चपलेवर धाट ठेवायचं, लांबी जुळली की चप्पल घ्यायची.

"आणि रुंदी?" मी सहज विचारलं.

आई स्वतःच्या पायाकडं बघत राहिली. तिची करंगळी शेजारच्या बोटाखाली गेलेली आहे. मी लहानपणापासून बघतेय, मला वाटायचं ती जन्मापासूनच तशी असेल...

मग ती दिवाणावरून उतरली, माझ्या पायाशी बसली आणि पेन मागितलं. मी पाय मागं ओढला. आईनं माझ्या पायाला हात लावायचा? "सरळ उभी ऱ्हा," ती दटावून म्हणाली, "हलू नगंस." एका हातानं माझा पाय दाबून धरला आणि पेन सरळ उभं धरून एकेका बोटाभोवती रेघ ओढली. रेघ कुठं तुटली नाही.

टेप लावला. साडेतेवीस सेंटीमीटर लांब, साडेदहा रुंद. कागदावरच्या त्या पायावरून आईनं बोट फिरवलं. "पाय चांगलाच हाय की गं तुझा," ती म्हणाली. "आमचंच माप अर्धं व्हतं. उगंच झाकायला लावलं तुला."

मला रडू आलं. का लपवू?

तिनं दुसरा कागद भिंतीला सरकवला, त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "आता माझा काढ."

ब्लाउज खांद्यात बसला नाही तर मी ब्लाउज उसवते. कुठल्याच बाईला आजवर म्हटलं नाही की तुमचे खांदे चुकलेत. मग चपलेच्या बाबतीत इतकी वर्षं मी स्वतःला चूक का ठरवत होते, देव जाणे.

परवा कलबुर्गीला लग्न झालं. अंगावर इरकल साडी, पायात काळे, सपाट, पुढून पसरट बूट. नणंदेनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे काय घातलंयस?" म्हटलं, "माझ्या मापाचं." सकाळपासून दुपारपर्यंत उभी होते, एकदाही कळ आली नाही.

सगळ्यांच्या फोटोला उभे राहिलो, तेव्हा जुन्या सवयीनं माझा हात निऱ्या खाली ओढायला गेला. शेजारी आई होती, तिच्याही पायात तसेच बूट. नणंदेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "साडी जरा वर खोच की. पाय दिसू देत."

खोचली.